दमा समजून घेताना (लेखांक चौथा) : पंप नको, गोळी द्या

दम्यात श्वासनलिकांच्या अस्तराला कायम थोडी सूज असते. धूळ, धूर, गार हवा, साधी सर्दी, एवढ्यानंही ती चिडते. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि छातीत घरघर सुरू होते. मागच्या लेखांकातलं हे चित्र डोळ्यांसमोर ठेवूनच आजचा विषय वाचावा. विषय आहे पंप, म्हणजे इनहेलर.

‘डॉक्टर, गोळ्या लिहून द्या, पण पंप नको.’ हे वाक्य दम्याच्या डॉक्टरांना सतत ऐकावं लागतं. पंप म्हणजे शेवटचा उपाय, एकदा लागला की सुटत नाही, मुलीच्या हातात कुणी पाहिला तर लग्न जमायचं नाही. ही भीती घराघरांत आहे, तिला हसून चालणार नाही. पण औषधाचं माप पाहिलं की ती टिकत नाही.

आवळलेले स्नायू सैल करणाऱ्या सालब्युटामॉल या औषधाची गोळी २ किंवा ४ मिलिग्रॅमची असते. त्याच औषधाच्या पंपाचा एक पफ १०० मायक्रोग्रॅमचा. म्हणजे ४ मिलिग्रॅमची एक गोळी घेणारा माणूस चाळीस पफांइतकं औषध एका घोटात पोटात घालतो. ते रक्तातून सगळ्या अंगभर फिरतं, म्हणून हात थरथरतात, धडधडतं. पंपातलं औषध थेट श्वासनलिकांत उतरतं, त्यामुळे थोडकं पुरतं आणि काही मिनिटांत आराम पडतो. सौम्य समजून मागून घेतलेली गोळीच खरी जड असते.

स्टेरॉइडचंही तसंच. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं, दम्याचा झटका आल्यावर द्यावी लागणारी गोळी मिलिग्रॅममध्ये. मुलांची उंची खुंटेल का, ही आईवडिलांची काळजी रास्त आहे. लहानपणी वर्षानुवर्षं हा पंप घेतलेल्यांच्या उंचीत साधारण एका सेंटिमीटरचा फरक आढळला आहे. मात्र आटोक्यात नसलेला दमाही वाढ रोखतो, शाळा बुडवतो, झोप मोडतो. पंपानंतर चूळ भरली की तोंडात बुरशी होण्याचा धोकाही कमी होतो.

खरा घोटाळा पुढेच आहे. एक पंप असतो तात्पुरत्या आरामाचा, बहुधा निळा. तो आवळलेले स्नायू सैल करतो, सुजेला हात लावत नाही. दुसरा स्टेरॉइडचा, रोजचा. त्यानं सूज उतरते, पण घेतल्या क्षणी काहीच जाणवत नाही. त्यामुळे लोक दुसरा सोडून देतात आणि निळ्यावर दिवस काढतात. हेच जिवावर बेतू शकतं. दम्याच्या उपचारांची दिशा ठरवणाऱ्या ‘जिना’ या जागतिक गटानं २०१९ साली स्पष्ट सांगितलं, की प्रौढांना आणि किशोरवयीन मुलांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नये, सोबत स्टेरॉइड हवंच. २०१९च्याच जागतिक अंदाजानुसार जगातले साधारण १३ टक्के दमेकरी भारतात आहेत, दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र ४० टक्क्यांहून अधिक इथं होतात. योग्य औषध बाजारात असताना हे घडतं, याचा राग यायला हवा.

पंपासारखेच गैरसमज पथ्यांचे आणि इतर उपायांचेही आहेत. केळी, दही, भात सगळ्याच दमेकऱ्यांना वर्ज्य करण्याची गरज नाही. ज्याला एखाद्या पदार्थाचा त्रास होतो त्यानं तो टाळावा. मृग लागताच हैदराबादला माशातून औषध घ्यायला जाणाऱ्यांना एवढीच विनंती, की त्या भरवशावर रोजचा पंप बंद करू नका. त्या औषधानं दमा बरा होतो असं शास्त्रीय चाचणीत सिद्ध झालेलं नाही.

पंप वापरूनही गुण येत नसेल, तर आधी वापरायची पद्धत तपासा. पंप हलवा, श्वास पूर्ण सोडा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास आत घेता घेता कळ दाबा आणि दहा सेकंद रोखून धरा. लहान मुलांना आणि ज्येष्ठांना ही वेळ साधणं अवघड जातं. त्यांच्यासाठी पंपाला स्पेसर, म्हणजे जोडायची पोकळ नळी, लावावा. निळा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं समजा. आणि धापेमुळे एक वाक्यही सलग बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर निळा पंप घेत घेत तडक रुग्णालय गाठा.

पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल, तेव्हा आपला पंप सोबत न्या आणि त्यांच्यासमोर वापरून दाखवा.