ऑपरेशन झालं, एमआरआय चांगला आला, तरी दुखतंय? मग पुनर्वसनाच्या डॉक्टरांना भेटा

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.)

आजचा विषय माझ्या स्वतःच्या पाठीचा आहे. अगदी शब्दशः.

तुमच्यापैकी काहींना माहितीये, दीड वर्षापूर्वी, एकोणतिसाव्या वर्षी, माझं मणक्याचं ऑपरेशन झालं. कमरेच्या अगदी खालची, एल५-एस१ ची गादी सरकून डाव्या पायाच्या नसेवर दाबत होती. डिस्केक्टमी झाली, म्हणजे गादीचा बाहेर आलेला तुकडा काढला. शुद्धीवर आले तेव्हा पायातून सणसणत जाणारी ती वीज गायब होती. मी बाबांना म्हणाले, "बाबा, संपलं!"

संपलं नव्हतं. चौथ्या महिन्यात डाव्या पावलाच्या बाहेरच्या कडेला सतत आग. वीस मिनिटं खुर्चीत बसलं की कंबर धरायची. डोंबिवली ते दादर उभ्याने जाणं सोडाच, पण बसायला जागा मिळाली तरी मुंब्र्यापर्यंत मी चुळबुळ करायला लागायचे. सर्जननी पुन्हा एमआरआय काढायला लावला. रिपोर्ट बघून म्हणाले, "नस मोकळी आहे, ऑपरेशन यशस्वी झालंय." ते खरंच होतं. पण मग दुखत का होतं?

दुसरीकडे दाखवलं, तर तिथे सांगितलं की स्क्रू टाकून मणके जोडू, म्हणजे फ्यूजन. तारीखही सुचवली. बाबांनी बँकेत एफडी मोडायची चौकशी केली. आईला वेगळीच काळजी, येणाऱ्या स्थळांना पाठीचं सांगायचं की नाही. आणि मी? मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पट्टी आणून रोज दोन गोळ्या घेत होते, घरात कुणाला न सांगता.

अशा वेळी माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईने विचारलं, "फ्यूजनच्या आधी एकदा पीएमआरच्या डॉक्टरांना का दाखवत नाहीस?" मी म्हटलं, हे कोण आता?

पीएमआर म्हणजे कोण?

पीएमआर म्हणजे फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन. मराठीत पुनर्वसन वैद्यक. हे एमबीबीएसनंतर याच विषयात एमडी किंवा डीएनबी केलेले डॉक्टर असतात. फिजिओथेरपिस्ट वेगळे आणि हे वेगळे. हे निदान करतात, औषधं लिहितात, नसांच्या तपासण्या करतात, गरज असेल तर इंजेक्शन देतात, आणि कोणता व्यायाम, किती, कशासाठी, हे फिजिओथेरपिस्टसोबत ठरवतात. मात्र मोठी ऑपरेशनं करत नाहीत.

ही शाखा वाढली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. जखमी सैनिकांचा जीव तर वाचला होता, पण पुढे काय? चालणार कसे, काम करणार कसे? त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना ती आकाराला आली. आपल्याकडेही ती नवी नाही. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. आपण तिच्यासमोरून कितीदा गेलोय, पण पाटी कुणी वाचलीये?

पहिली भेट

मी एमआरआयची फाइल पुढे केली. मॅडमनी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, "हे नंतर बघू. आधी सांग, दुखण्यामुळे तू काय काय करायचं सोडलंयस?"

मी गप्पच झाले. गेल्या दीड वर्षात "कुठे दुखतं?" आणि "दहापैकी किती?" हे प्रश्न मी पन्नास वेळा ऐकले होते. हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

मग यादी निघाली. ट्रेन सोडली. भाच्याला उचलणं सोडलं. सावित्रीबाई फुले नाट्यगृहात नाटक बघणं सोडलं, कारण मध्येच उठावं लागलं तर लोक काय म्हणतील? कुशीवर झोपणं सोडलं. जमिनीवर बसून जेवणं सोडलं.

मग तपासणी. टाचांवर चालून दाखव, चवड्यांवर चालून दाखव. भिंतीला हात लावून एका पायावर उभी राहा आणि टाच वर-खाली कर. उजव्या पायाने वीस वेळा झालं. डाव्याने सहा, सातव्याला टाच उचललीच जाईना. घोट्यामागे हातोडी मारली, तर डावा पाय जवळजवळ हललाच नाही. टाचणीने दोन्ही पावलं टोचून फरक विचारला. शेवटी म्हणाल्या, "आत येताना चप्पल काढलीस तेव्हा तू श्वास रोखला होतास. माहितीये तुला?"

नव्हतं माहीत.

तीन दुखणी, एक पाठ

मॅडमनी कागदावर तीन गोल काढले. हा भाग नीट ऐका, कारण खरी गंमत इथे आहे.

पहिला गोल, नस. गादीचा दाब काढला म्हणजे नस त्याच दिवशी ठणठणीत होते असं नाही. इजा झालेले नसेचे तंतू पुन्हा वाढतात ते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. कमरेपासून पावलापर्यंतचं अंतर मोजा म्हणजे कळेल की महिने का लागतात. आणि प्रत्येक वेळी ती पूर्ण भरून येतेच असंही नाही. माझ्या पावलाची आग आणि पोटरीतला अशक्तपणा या गोलातला होता.

दुसरा गोल, स्नायू आणि सांधे. ऑपरेशनच्या आधी सहा महिने मी वाकडी चालले, नंतर घाबरून हललेच नाही. पाठीचे आणि नितंबाचे स्नायू अशक्त झाले, आणि त्यांचं काम दुसऱ्यांवर पडलं. बसल्यावर कंबर धरते ती मुख्यतः यामुळे.

तिसरा गोल, अलार्म. आपल्या सोसायट्यांमध्ये एखाद्या गाडीचा अलार्म इतका हळवा असतो की मांजर बॉनेटवर बसली तरी तो बोंबलतो. चोर नसतो, पण आवाज खराच असतो. दुखणं तीन महिन्यांच्या वर गेलं की त्याला जुनाट म्हणतात, आणि त्यात मज्जासंस्थेचं असंच होऊ शकतं. ती साध्या हालचालीलाही धोका समजायला लागते. झोप कमी, काळजी जास्त, की अलार्म आणखी हळवा.

मी विचारलं, "म्हणजे दुखणं माझ्या मनाचे खेळ आहेत का?"

"अजिबात नाही," त्या म्हणाल्या. "दुखणं शंभर टक्के खरं आहे. फक्त प्रत्येक वेळी दुखलं म्हणजे आत काहीतरी तुटतंय, असं नाही."

मग एमआरआयचं काय?

तो त्यांनी बघितला. कॉन्ट्रास्ट टोचून काढलेला होता, कारण त्यामुळे ऑपरेशनचा व्रण कुठला आणि पुन्हा सरकलेली गादी कुठली, हे वेगळं ओळखता येतं. गादी नव्हती, थोडा व्रण होता. रिपोर्टमधल्या "डिजनरेशन" या शब्दाने मी महिनाभर झोपले नव्हते. त्यावर त्यांनी मला एक आकडेवारी सांगितली. पाठ अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांचे स्कॅन एकत्र अभासून २०१५ मध्ये एक लेख छापून आला होता. विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ३० टक्क्यांच्या फुगलेल्या. यातल्या कुणालाच काही दुखत नव्हतं!

या त्रासाला अनेक वर्षं "फेल्ड बॅक सर्जरी सिंड्रोम" म्हणत. वेगवेगळ्या अभ्यासांत मणक्याच्या ऑपरेशननंतर साधारण १० ते ४० टक्के लोकांना दुखणं राहिल्याचं दिसतं, म्हणजे आपण काही एकटे नाही. पण "फेल्ड" या शब्दाने सर्जन नापास झाले किंवा पेशंट नापास झाला असं वाटतं. म्हणून २०२१ मध्ये तज्ज्ञांनी नवं नाव सुचवलं, "पर्सिस्टंट स्पायनल पेन सिंड्रोम". ऑपरेशननंतरचा तो टाइप २. नाव लांबलचक आहे, पण त्यात कुणाला दोष नाही.

उपचार काय झाले?

एक, गोळ्या. डायक्लोफेनॅकचं मी कबूल केलं. मॅडम रागावल्या नाहीत, पण आधी किडनीची रक्ततपासणी करायला लावली. अशा गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेतल्या तर पोटात अल्सर होऊ शकतो आणि किडनीला इजा होऊ शकते, आणि नसेच्या आगीवर त्या फारशा चालतही नाहीत. त्याऐवजी त्यांनी ड्युलोक्सेटिन दिलं. बाबांनी नाव गूगल केलं आणि हादरलेच, "अगं, ही डिप्रेशनची गोळी आहे!" हो, त्यासाठीही देतात. पण मेंदूकडून खाली येणारी दुखणं कमी करायची जी यंत्रणा असते, ती ज्या रसायनांवर चालते, त्याच रसायनांवर ही गोळी काम करते. डोस मुद्दाम सांगत नाही. ही गोळी मनाने सुरू करायची नाही आणि अचानक बंदही करायची नाही.

दोन, मोजून हालचाल. माझी सवय अशी होती की बरं वाटलं की घर आवरायचं, कपाट लावायचं, आणि मग तीन दिवस आडवं. मॅडम म्हणाल्या, दुखायला लागल्यावर थांबू नकोस, त्याच्या आधी थांब. वीस मिनिटांनी दुखतं ना? मग फोनवर पंधरा मिनिटांचा टायमर लाव, उठ, एक फेरी मार. चालणं दिवसातून दोनदा आठ मिनिटं, दर आठवड्याला थोडं वाढवायचं. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, वाईट वाटलं म्हणून शून्य नाही.

तीन, ताकद. चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या. फिजिओ ताईकडे आठवड्यातून दोनदा पाठीचे आणि नितंबाचे व्यायाम. वाकताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही.

चार, उद्दिष्टं. "दुखणं शून्य" असं लिहायला मनाई होती. मी तीन लिहिली: आठवड्यातून दोनदा ट्रेनने ऑफिस, भाच्याला कडेवर घेणं, आणि एक पूर्ण नाटक.

आणि फ्यूजन? वाकवून आणि मागे झुकवून काढलेल्या एक्स-रेमध्ये मणका हलत नव्हता, नसेवर नवा दाब नव्हता. मॅडम माझ्या पहिल्या सर्जनशी फोनवर बोलल्या आणि थांबायचं दोघांनी मिळून ठरवलं. फ्यूजन वाईट असतं असं मी म्हणत नाहीये. मणका अस्थिर असेल तर त्याची गरज पडतेही. माझ्या बाबतीत तसं कारण नव्हतं.

दुसऱ्या भेटीला आई बरोबर होती. तिने विचारलं, "डॉक्टर, ही पूर्ण बरी होईल ना?" मॅडम म्हणाल्या, "बरी म्हणजे काय, ते तिलाच ठरवू दे की." परत येताना रिक्षात आई बराच वेळ बाहेर बघत होती. त्यानंतर स्थळांचा विषय तिने स्वतःहून काढला नाही.

पाचवा आठवडा

सगळं सरळ झालं असं समजू नका. पाचव्या आठवड्यात एका सकाळी कंबर अशी धरली की मी बाथरूममध्येच रडले. वाटलं, सगळं वाया गेलं. मॅडमनी बोलावून तपासलं. ताकद तीच, संवेदना तीच. "हा भडका आहे, बिघाड नाही. दोन दिवस निम्मं कर, मग परत पहिल्यासारखं." आठवड्यात उतरला.

पण काही लक्षणं भडका म्हणून सोडून द्यायची नाहीत. लिहून ठेवा:

- लघवी अडणे, लघवी-संडासवरचा ताबा जाणे
- मांड्यांच्या मधे, बसण्याच्या जागेवर बधिरपणा
- पायाची ताकद वेगाने कमी होणे, पाऊल लोंबणे
- ताप, किंवा ऑपरेशनच्या जखमेतून पाणी येणे
- कारण नसताना वजन उतरणे

पहिल्या तीनपैकी काही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत जा. जखमेतून पाणी किंवा ताप असेल तर त्याच दिवशी सर्जनना कळवा.

तुम्ही जाणार असाल तर

सरकारी मेडिकल कॉलेजच्या किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत पीएमआर विभाग आहे का, हे विचारा. डॉक्टरांच्या पाटीवर "एमडी पीएमआर" किंवा "डीएनबी पीएमआर" बघा. बरोबर डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद, आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही एमआरआय, आणि सगळ्या गोळ्यांची नावं न्या. लपवून घेतलेल्या गोळ्यांचीसुद्धा! आणि एका कागदावर लिहा, दुखण्यामुळे मी काय काय सोडलं. हा कागद सगळ्यात महत्त्वाचा.

आता माझी स्थिती. आठ महिने झाले. दुखणं सातवरून तीनवर आलंय. डावी टाच सतरा वेळा उचलली जाते. पावलाची आग रात्री कधीकधी असते, आणि ती कदाचित राहीलही. स्कूटी विकली. बाबांची एफडी बँकेतच आहे.

भाचा आता इतका वजनदार झालाय की त्याला उचलणं कुणालाच झेपत नाही, त्यामुळे ते उद्दिष्ट आम्ही बदलून "मांडीवर घेणं" केलं. आणि गेल्या महिन्यात नाटक बघितलं. मुद्दाम शेवटच्या रांगेतलं कडेचं तिकीट काढलं होतं. दोनदा उठून मागे भिंतीला टेकून उभी राहिले. कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही हो!

तुमच्या घरात असं कुणी असेल, ऑपरेशन होऊनही गप्प बसून सोसणारं, तर हा भाग त्यांना पाठवा. आणि आता उठा, पंधरा मिनिटं झाली असतील. एक फेरी मारून या. भेटूया पुढच्या भागात.