आधी टीप दाखवा, मग कापड द्या

हाताने धावदोरा घालताना सुई कापडातून आरपार जाते आणि सगळा दोरा तिच्यामागून येतो. मशीनची सुई दांड्याला घट्ट बसवलेली असते. ती खाली जाते आणि आल्या वाटेने वर येते. मग टीप पडते कशी? घरातल्या मुलामुलींना शिवण शिकवायचं असेल तर सुरुवात या प्रश्नापासून करावी, असं माझं ठाम मत आहे. मापं, बेतणं, अस्तर हे सगळं नंतर.

पायमशीनचा पट्टा उतरवा. वर लाल दोरा ओवा, बॉबिनमध्ये पांढरा भरा. सुईखाली सुती चिंधी ठेवा, बॉबिनवरची सरकपट्टी बाजूला करा आणि चाक मुलीला स्वतःच्या हाताने, आपल्या दिशेने, अगदी सावकाश फिरवू द्या. या सुईचं नाकं टोकाजवळ असतं. एलायस होव यांनी १८४६ साली अमेरिकेत पेटंट घेतलेल्या यंत्रातही अशीच सुई होती. सुई तळाला जाऊन जराशी वर उचलली की दोरा तिच्या कडेला फुगतो, त्याचा छोटा फास होतो. नेमक्या त्याच वेळी शटलचं टोक फासात शिरतं आणि तो ओढून बॉबिनच्या डबीवरून पार पलीकडे नेतं. लाल दोऱ्याचा असा पांढऱ्याला वेढा पडतो. लगेच वरची कडी सैल दोरा खेचून घेते, खालचे दाते कापड पुढे सरकवतात. दोन्ही दोऱ्यांचा पीळ कापडाच्या जाडीत मधोमध बसला की टीप पक्की.

हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढची दुरुस्ती मूल स्वतः करतं. कापडाच्या खालच्या बाजूला लाल दोरा दिसतोय? वरचा ताण कमी पडतोय. वर पांढरे ठिपके? ताण जास्त झालाय. खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे आधी बॉबिनला हात घालतात. दोष मात्र बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो, तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. प्रेशर फूट वर उचलून दोरा पुन्हा ओवायचा. टाके सुटत असतील तर सुई तपासायची. तिच्या एका अंगाला लांब खाच असते, दोरा त्या बाजूने आत घालायचा.

मग दोरा काढून टाका, जुनी सुई लावा आणि वहीचं रेघांचं पान द्या. रेघेवरून टीप मारून पान उजेडात धरलं की भोकांची ओळ कुठे भरकटली ते लख्ख दिसतं. कोपऱ्यावर सुई कागदातच ठेवायची, फूट उचलायचा, पान वळवायचं. हात बसला की जुन्या चादरीची पिशवी शिवायला घ्या: दोन सरळ शिवणी, तोंडाला मुडप, दोन बंद. टीप वाकडी गेली तर उसवण्याचं कामही तिलाच करू द्या. तिच्या हातातलं कापड ओढून घेऊ नका, त्याने उत्साह मरतो. मुलग्यांनाही हे शिकवा. परकराला नाडी आणि पँटला बटण सगळ्यांनाच लागतं.

घरात आजीचं मशीन बंद पडून असेल तर धूळ पुसा, तेलाच्या भोकांमध्ये मशीनचं तेल सोडा, चिंधीवर टीप मारून जादा तेल निघून जाऊ द्या आणि येत्या सुट्टीत मुलांना चाकापाशी बसवा.