विडी सुटल्यावर वाढणारे वजन

विडी किंवा सिगारेट सोडल्यावर बहुतेकांचे वजन वाढते. दोष मनाच्या दुबळेपणाचा नसतो. निकोटिनने वर्षानुवर्षे दाबून ठेवलेली भूक आणि चयापचय मूळपदावर येत असतात. २०१२ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण छापले. औषधांची मदत न घेता धूम्रपान सोडलेल्यांचे वजन महिन्याभरात सरासरी १.१ किलो, तीन महिन्यांत २.९ किलो आणि वर्षभरात ४.७ किलो वाढल्याचे त्यात दिसले. मात्र सुमारे १६ टक्के लोकांचे वजन उलट घटले आणि १३ टक्क्यांचे दहा किलोंहून अधिक वाढले. निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या तीन महिन्यांतच होते, म्हणून काळजी घेण्याचा खरा काळही तोच.

‘विडी ओढली की भूक मरते’ असे शेतमजूर आणि ट्रकचालक सांगतात, ते शब्दशः खरे आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये पोट भरल्याची जाणीव देणाऱ्या चेतापेशी असतात. निकोटिन या पेशींना थेट चेतवते, हे येल विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. पोट रिकामे असूनही मेंदूला भरल्याचा निरोप जातो. दुसरीकडे निकोटिनमुळे हृदयाचे ठोके वाढतात आणि शरीर बसल्या जागी जास्त ऊर्जा जाळते. दिवसाला २४ सिगारेटी ओढणाऱ्यांचा ऊर्जाखर्च सुमारे दहा टक्क्यांनी, म्हणजे रोज २०० उष्मांकांच्या आसपास वाढलेला आढळला होता. हा खर्च थांबला की महिन्याला सहा हजार उष्मांक शिल्लक राहतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० उष्मांक असतात. खाणे तसूभरही न वाढवता वजन का वाढते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

त्यात खाणेही वाढतेच. जिभेची चव आणि नाकाचा वास काही दिवसांत परततो, जेवण पुन्हा गोड लागते. हाताला आणि तोंडाला असलेला चाळा भागवायला शेव-फरसाण पुढे येते. सर्वांत फसवा असतो तो चहा. विडीच्या धुरातील काही घटकांमुळे यकृत कॅफिन झपाट्याने निकामी करत असते. धूर थांबला की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच कपांतून रक्तात बरेच जास्त कॅफिन साचते. छातीत धडधड, चिडचिड आणि उडालेली झोप ही विडीची तलफ समजली जाते, पण त्यात चहाचाही वाटा असतो. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी भूक आणखी खवळते. विडीच्या जागी दोन चमचे साखरेचे तीन कप वाढले, तर नुसत्या साखरेचे १२० उष्मांक रोज पोटात जातात. विडी सोडताना चहा निम्म्यावर आणणे हा म्हणूनच सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे.

वाढलेले वजन वाईटच, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचेच पाहा. त्यांच्या पश्चिमेला भीमाशंकर-नाणेघाटाच्या बाजूला डोंगराळ आदिवासी पट्टा आहे: भात, नाचणी, हिरड्याची वेचणी आणि अंगमेहनत. पूर्वेला नारायणगाव, मंचर, ओतूर, आळेफाटा हा टोमॅटो, द्राक्षे आणि उसाचा बागायती भाग. डोंगरातल्या १६५ सेंटीमीटर उंचीच्या काटकुळ्या माणसाचे वजन ५० किलोंहून कमी असेल, तर तो कुपोषणाच्या रेषेखाली आहे. विडी सुटून त्याच्या अंगावर तीन-चार किलो चढले, तर ती तब्येत सुधारल्याची खूण आहे. विडी आणि कुपोषण दोन्ही क्षयरोगाला वाट करून देतात. तिथे एका निर्णयात दोन्ही वाटा अरुंद होतात. अशा माणसाला ‘सुटलास की रे’ म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे.

बागायती पट्ट्यातला आडतदार, दुकानदार, वाहनचालक किंवा शिक्षक यांचा हिशेब वेगळा. त्यासाठी पुण्याच्याच एका डॉक्टरांचे संशोधन उपयोगी पडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा छायाचित्रासह एक छोटा लेख २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. उंचीच्या तुलनेत वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही २२.३, म्हणजे कागदावर दोघेही सारखेच सडपातळ. पण अंगातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. भारतीय माणूस बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतो, तीही पोटात. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये पोटावर चरबी साठण्याचा कल आधीच जास्त असतो. म्हणून इथे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप अधिक खरे बोलते. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता माप घ्यावे. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटर ही भारतीयांसाठीची मर्यादा आहे. विडी सोडण्याच्या दिवशी एकदा आणि नंतर दर महिन्याला हे माप लिहून ठेवले, की वाढ वेळेत लक्षात येते.

जेवण तोडायचे नसते. विडी सोडतानाच कडक उपासमार सुरू केली तर भुकेने तलफ वाढते आणि दोन्ही संकल्प मोडतात. नजर ठेवायची ती तेलावर आणि प्रमाणावर. या भागाची शान असलेली मासवडी हे चांगले उदाहरण. शिजवलेले बेसन ओल्या फडक्यावर थापून त्यावर तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण यांचे सारण पसरतात, गुंडाळी करून वड्या पाडतात. बेसनात प्रथिने आहेत, पण तिळाचे निम्मे वजन तेलाचे आणि सुक्या खोबऱ्याचे साठ टक्क्यांहून जास्त. वर तर्रीदार रस्सा. सणाला ती खावीच. मात्र वड्या मोजून घ्याव्यात, तर्री बाजूला सारावी. रोजच्या ताटात बाजरीची किंवा नाचणीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी हे पोट जास्त वेळ धरून ठेवतात. तोंडाच्या चाळ्याला भाजलेले हरभरे, बडीशेप, काकडी, मुळा आणि नारायणगावच्या बाजारात ढिगांनी येणारा टोमॅटो. शंभर ग्रॅम टोमॅटोत जेमतेम वीस उष्मांक असतात, तेवढ्याच शेवेत पाचशेहून जास्त.

व्यायामाचा फायदा वर्षअखेरीस अधिक स्पष्ट दिसतो. तासभर झपझप चालण्याने विडीचे ते २०० उष्मांक भरून निघतात. दिवसभर रानात राबणाऱ्याला वेगळे चालायची गरज नाही. मोटारसायकलवरून मळ्यात जाऊन ठिबकचा व्हॉल्व्ह फिरवून येणाऱ्याला मात्र आहे. तलफ सहसा काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाय मोकळे केले तर दोन्ही कामे साधतात.

निकोटिनचे च्युइंगगम वजनवाढ पुढे ढकलते; दोन मिलिग्रॅमचे गम चिठ्ठीशिवाय मिळते. बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची. वजन वाढू नये म्हणून विडी टाकून मिश्री किंवा तंबाखू-चुना धरणे ही मात्र घातक पळवाट आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू घेणारे आढळले. त्यामुळे ही पळवाट घरातच हाताशी असते आणि ती तोंडाच्या कर्करोगाकडे नेते.

मधुमेहाचा धोका खोटा नाही. २०१८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अमेरिकी अभ्यासात धूम्रपान सोडल्यानंतर टाइप २ मधुमेहाचा धोका काही वर्षे वाढलेला दिसला, पाच ते सात वर्षांनी तो सर्वाधिक होता आणि पुढे उतरला. ज्यांचे वजन वाढले नाही, त्यांच्यात हा धोका वाढला नाही. आणि वजन कितीही वाढले तरी धूम्रपान सोडणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण ओढत राहणाऱ्यांपेक्षा कमीच राहिले. चाळिशी ओलांडलेल्यांनी विडी सोडल्यावर वर्षातून एकदा रक्तातील साखर तपासावी. आधीच मधुमेहाची किंवा दम्याची औषधे चालू असतील तर विडी सोडत असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण काही औषधांची मात्रा बदलावी लागते. तंबाखू सोडण्यासाठी समुपदेशन देणारा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक १८००-११-२३५६ हा आहे आणि तो निःशुल्क आहे.