सहा सेंटिमीटरांचा राक्षस

एकचक्रा नगरीच्या बकासुराची गोष्ट ठाऊक नाही असे मूल आपल्याकडे विरळा. गाडाभर अन्न, दोन रेडे आणि वर एक माणूस, एवढे त्याचे जेवण. आता समजा, या बकासुराची मातीची मूर्ती तुम्ही केली, आणि ती भरली अवघी सहा सेंटिमीटर, म्हणजे बोटाएवढी. ती पाहणाऱ्याला राक्षस वाटेल की बाहुला? शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, याच प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

चिमुकल्या मूर्ती रंगवून त्यांच्या पायाखाली त्यांचे जग उभे करण्याचा छंद परदेशात जुना आहे. अठराव्या शतकात जर्मनीतल्या न्युरेंबर्ग शहरी कथलाचे चपटे शिपाई ओतले जात. एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम सांगणारे 'लिटल वॉर्स' नावाचे पुस्तकच लिहिले. पुढे १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा अद्भुत कथांचा खेळ निघाला, आणि शिपायांच्या जोडीला राक्षस नि जादूगारही रंगवणाऱ्यांच्या मेजावर आले. आपल्याला यात परके वाटण्याचे कारण नाही. दिवाळीत अंगणात किल्ला रचून त्यावर मावळे मांडणारी आपली मुले याच जातीचे काम करतात. फरक एवढाच, की किल्ल्यावरचा मावळा दरवाजापेक्षा उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. आपल्या राक्षसाला मात्र तसे चालणार नाही. त्याचे मोठेपण मापावरच अवलंबून आहे.

गंमत अशी, की हे मोठेपण मूर्तीत नसतेच; ते तिच्या बैठकीत असते. आपला डोळा कोणत्याही वस्तूचे माप शेजारच्या वस्तूवरून काढतो. घराची पायरी साधारण १८ सेंटिमीटर उंच असते. आपल्या मूर्तीशेजारी सहा मिलिमीटरांची पायरी करा, म्हणजे मूर्ती सहा फुटांचा माणूस होईल. तीच पायरी तीन मिलिमीटरांची करा, मूर्तीला हातही न लावता ती बारा फुटांची होईल! पायरी निम्मी केली की राक्षस दुप्पट झाला. त्रैराशिक शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण कोणते हवे?

तेव्हा प्रमाण ठरवू या: एकास साठ. बैठकीवरचा एक सेंटिमीटर म्हणजे खरे साठ सेंटिमीटर. वाळूचा एक मिलिमीटरचा खडा हा सहा सेंटिमीटरांचा दगड झाला. काथ्याचे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे म्हणजे फूटभर वाळके गवत. बारीक फाटे फुटलेली बारा सेंटिमीटरांची मुळी उलटी रोवली, की सात मीटरांचे निष्पर्ण झाड. अडीच सेंटिमीटरांचे पुठ्ठ्याचे चाक म्हणजे दीड मीटरचे गाड्याचे चाक. आणि राजगिऱ्याचा एकेक दाणा म्हणजे एकेक लाडू! भीम दाखवायची गरजच नाही. मोडके चाक, सांडलेले लाडू आणि वाटेकडे पाहणारा राक्षस, एवढ्यात गोष्ट कळते.

आता कृती. शाडू चांगला मळून त्यात थोडा कापूस पिंजून मिसळावा. त्याने माती एकमेकींना धरून राहते. हातपाय अंगापासून सुटे ठेवू नयेत, मोडतात. बकासुराचा एक हात पोटावर नि दुसरा मांडीवर ठेवला, की ढबही साधते आणि मजबुतीही येते. मूर्ती उन्हात ठेवू नका. वरची माती आधी वाळते, आतली मागे राहते आणि तडे जातात. सावलीत दोन-तीन दिवस वाळू द्या. मग सुताराचा पांढरा गोंद पाण्यात पातळ करून एकच हलका हात द्या. ब्रश घासू नका, माती सुटेल. तो वाळल्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यावा. मूर्ती एखाद्या डबीच्या झाकणावर तात्पुरती चिकटवली, म्हणजे रंगवताना बोटे लागत नाहीत.

रंग पाण्यात कालवायचा ॲक्रिलिक घ्यावा. तो एकदा वाळला की पुन्हा पाण्याने सुटत नाही. पोस्टर रंग सुटतो आणि वरचा हात देताना खालचा कालवला जातो. इथे एक इशारा. शाळेच्या कपाटातले जुने तेलरंगाचे डबे मुलांच्या हाती मुळीच देऊ नका. जुन्या रंगांत शिसे असू शकते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. २०१६ साली भारत सरकारने नियम करून घरगुती रंगांतले शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असू नये असे ठरविले. जुना डबा त्याआधीचा असू शकतो. ब्रशाचे टोक ओठांनी ओले करण्याची सवयही मोडावी.

रंगवण्यातले मुख्य मर्म उजेडाचे आहे. खरा बारा फुटी राक्षस उन्हात उभा राहिला, तर त्याच्या भुवयांखाली, पोटाच्या वळीखाली दाट सावली पडेल. आपल्या मूर्तीच्या वळ्या मात्र एखाद-दुसरा मिलिमीटर खोल. खोलीतला उजेड चहूकडून येऊन त्या भरून टाकतो, आणि मूर्ती सपाट दिसते. जी सावली ऊन देत नाही, ती आपण रंगाने द्यायची.

त्याचे तीन हात. पहिला, अंगाचा मूळ रंग. एक जाड थर न देता दोन पातळ थर द्यावेत, म्हणजे नाकडोळे बुजत नाहीत. दुसरा, गडद तपकिरी रंगाचे पाणी. ते मूर्तीवर सोडले, की आपोआप वळ्यांत उतरून सावली होते. तिसरा हात कोरडा: मूळ रंगात थोडा पांढरा मिसळून ब्रश त्यात बुडवायचा, फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि मूर्तीवरून हलकेच फिरवायचा. रंग फक्त उंचवट्यांना लागतो. नाक, गाल, खांदे उजळतात. उजेड नेमका कुठे पडावा अशी शंका आली, तर अंधाऱ्या खोलीत मूर्तीच्या डोक्यावर बॅटरी धरून पाहा. सूर्य कुठे आहे ते एकदा ठरले, की खडक नि झाडही त्याच सूर्याखाली रंगवायचे.

बैठकीसाठी लाकडी फळीचा तुकडा घ्या. झाडाची साल म्हणजे खडक, चाळलेली माती आणि वाळू गोंदावर पसरली की जमीन. शेवटी याच जमिनीच्या रंगाचा कोरडा ब्रश राक्षसाच्या पावलांवरून फिरवा. धूळ लागलेली पावले त्याला जमिनीशी जोडतात; एरवी तो वरून ठेवल्यासारखा दिसतो.

बाजारात रंगवलेली तयार चित्रे स्वस्त मिळतात, मग एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. पण तयार मूर्तीत पाहण्याचे काम दुसऱ्याने उरकलेले असते. सावली कुठे पडते, खडक कसा तुटतो, गवत गुडघ्याला लागते की घोट्याला, हे मुलाला स्वतः पाहावे लागले, तरच ते शेताच्या बांधावर थांबून पाहील. हस्तकलेचा तास परीक्षेच्या तयारीत बुडतो, तेव्हा बुडते ती ही नजर.

काम पुरे झाले, की एक परीक्षा घ्या. ज्याने ते होताना पाहिले नाही अशा मुलाला बोलावून विचारा, "हा केवढा आहे रे?" त्याने बोटाने माप दाखवले, तर बैठकीवर आणखी मेहनत हवी. आणि मान वर करून तो म्हणाला, "आपल्या शाळेच्या छपराएवढा असेल, गुरुजी," तर समजा, बकासुर खरोखर उभा राहिला.