नस गेली, ठणका राहिला

रूट कॅनाल झाले, दाताची नस काढली, पोकळी भरली, पैसेही चुकते केले. आता दुखायला उरले काय? टिळक रस्त्यावरून घरी येताना माझा हिशेब हा असा सरळ होता. पण रात्री दातावर दात टेकला आणि ब्रह्मांड आठवले! सदाशिव पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी निकाल दिला, "मेला उपटूनच टाका!"

डॉक्टरांनी समजावले ते निराळेच. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळाभोवती तंतूंचे पातळ अस्तर असते आणि नस काढली तरी त्याच्या संवेदना शाबूत राहतात. तिथे आधीची सूज, त्यात हत्यारांची घासाघीस. म्हणून काही दिवस ठणका लागतो. म्हणजे 'दात दुखतो' या वाक्यात कर्ताच चुकीचा! दुखतो तो दाताचा शेजार. (मराठीच्या मास्तराला तेवढेच समाधान.)

भरण किंचित उंच राहिले तरी चावताना पहिला मार त्याच दातावर बसतो. माझे तसेच निघाले. रंगीत कागद चावायला देऊन डॉक्टरांनी उंचवटा हेरला आणि घासला. लवंगेचे तेल इथे फारसे कामाचे नाही. ते मुळाच्या टोकाशी पोचतच नाही. वेदनाशामक गोळीही विचारूनच घ्यावी, विशेषतः पोटात व्रण किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर. दुखणे दिवसागणिक वाढले, गाल सुजला, ताप भरला, तर मात्र लगेच दाखवावे.

पोखरलेली दाढ कडक खाण्याने तडकू शकते. कॅप अजून बसायची आहे. तेव्हा यंदा चकल्यांचा डबा मुलांच्या ताब्यात आणि माझ्या वाट्याला बेसनाचे लाडू, तेही डाव्या बाजूने.