न्यूट्रल तुटली तर
गाडीचा गिअर न्यूट्रलमध्ये असला की इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचत नाही. विजेची न्यूट्रल मात्र सतत कामात असते. फेजमधून आलेला प्रवाह दिवा-पंख्यातून फिरून तिच्यातूनच रोहित्राकडे परततो. रोहित्रापाशी ती जमिनीला जोडलेली असते, म्हणून तिच्यावरचा दाब शून्याच्या जवळ राहतो. तरी न्यूट्रलची काळी वायर निर्धोक समजून हात लावू नका. ती मागे कुठे तुटलेली असेल, तर फेजसारखाच जीवघेणा झटका देते. थ्री-फेज जोडणीत इमारतीची मुख्य न्यूट्रल तुटली, तर एका घरात दिवे मिणमिणतात आणि शेजारी २३० व्होल्टऐवजी ४००च्या आसपास दाब चढू शकतो. टीव्ही, फ्रिज त्यातच जळतात. दिवे एकाएकी प्रखर झाले, तर आधी मेन स्विच बंद करा, मग वायरमनला बोलवा.