तळबीडच्या मामांनी भाच्याला का सोडले?

मोरगिरीच्या एका वाचकाचा प्रश्न आला आहे आणि तोच प्रश्न मलाही वर्षानुवर्षे स्वस्थ बसू देत नाही. ते विचारतात, सिमूर घराण्याने बालराजाचे मामा म्हणून इंग्लंड हाती घेतले, मग आपल्या तळबीडच्या मोहित्यांनी तीच संधी का सोडली?

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. २८ जानेवारी १५४७ रोजी आठवा हेन्री वारला. मुलगा एडवर्ड नऊ वर्षांचा. बातमी तीन दिवस दाबून ठेवली गेली आणि तेवढ्यात मामा एडवर्ड सिमूरने भाच्याला ताब्यात घेतले. लवकरच तो राज्याचा ‘लॉर्ड प्रोटेक्टर’ झाला. रायगडावर ३ एप्रिल १६८० रोजी शिवछत्रपतींचे निधन झाले, तेव्हा राजाराम दहा वर्षांचे होते. पन्हाळ्यावर संभाजीराजांना बातमी लागू नये अशी तजवीज झाली आणि २१ एप्रिलला राजारामांचे मंचकारोहणही उरकले. त्यांच्या आई सोयराबाई मोहित्यांच्या, आणि सोयराबाईंचे बंधू हंबीरराव मराठी फौजेचे सरनोबत. इंग्लंडात तेव्हा कायमची खडी फौजच नव्हती; हंबीररावांच्या हाताखाली ती होती.

आणि ती होती कुठे? आपल्या कऱ्हाडाजवळ! मोरोपंत आणि अण्णाजी दत्तो हे कारभारी संभाजीराजांना कैद करायला पन्हाळ्याकडे निघाले, त्यांनाच हंबीररावांनी वाटेत धरले आणि संभाजीराजांपुढे नेऊन उभे केले. सख्ख्या बहिणीच्या मुलाचा पक्ष सोडून सवतीच्या मुलाच्या बाजूने मामा उभे राहिले.

‘स्वामिनिष्ठा’ हे उत्तर खोटे नाही, पण मला ते अपुरे वाटते. संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाकडून परत येऊन तेव्हा जेमतेम चार महिने झाले होते. त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास टाकावा अशी ती वेळ नव्हती. मला वाटते, निकाल रणांगणावरच्या माणसाच्या हिशेबाने लागला. नेसरीला प्रतापराव गुजर पडल्यावर, १६७४ मध्ये हंबीररावांकडे सरनोबती आली. पुढे कर्नाटकाच्या मोहिमेत ते महाराजांबरोबर होते. दहा वर्षांच्या राजाच्या नावाने कारभारी राज्य चालवणार, म्हणजे फौजेला हुकूम कारकुनांचे येणार, हे अशा माणसाला कसे पटावे? त्यात गादी कोणाची हे ठरवताना सरनोबतालाच विश्वासात घेतले नव्हते. माझ्या मते कारभाऱ्यांची खरी चूक ती.

सिमूरचे पुढे काय झाले? १५५२ मध्ये भाच्याच्याच राज्यात त्याचे डोके उडाले. हंबीरराव १६८७ मध्ये वाईजवळ मोगलांशी लढताना पडले. घराण्याचे मात्र काहीच बुडाले नाही. त्यांची लेक ताराबाई राजारामांना दिली होती, आणि १७०० मध्ये राजाराम गेल्यावर औरंगजेबाशी सात वर्षे झुंजली ती हीच मोहित्यांची लेक. तिच्याशी गादीसाठी भांडलेल्या शाहूंची, म्हणजे संभाजीराजांच्या मुलाची, धाकटी राणी सगुणाबाई, तीही मोहित्यांचीच.